प्रश्नावलीची परीक्षा

गेल्या आठवड्यात किती वेळा रडू आलं? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या लेनोर रॅडलॉफ यांनी 1977 साली सर्वसामान्य लोकांसाठी नैराश्याची 20 विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात या आशयाचंही एक विधान होतं. उत्तरांच्या गुणांची बेरीज 16 किंवा त्याहून अधिक झाली, की त्या माणसाची नीट चौकशी करायची. नैराश्य मोजणं सोपं झालं आणि मग गटागटांची तुलनाही आलीच. बेरीज सारखी म्हणजे दुःख सारखं, हे बहुतेकदा गृहीतच धरलं जाई.

ते पारखण्याची एक रीत कर्करोगाच्या संशोधनातून आली. नेथन मँटेल आणि विल्यम हेन्झेल यांनी 1959 साली, इतर बाबतींत सारख्या असलेल्या माणसांचीच एकमेकांशी तुलना करणारं गणित मांडलं. 1980च्या दशकात पॉल हॉलंड आणि डोरोथी थेयर यांनी ते प्रश्नपत्रिकांना लावलं. एकूण गुण सारखे असलेली दोन गटांतली मुलं घ्यायची. तरीही एखाद्या प्रश्नात एकच गट मागे पडत असेल, तर तो प्रश्न तपासायचा.

2000 साली अमेरिकेतल्या न्यू हेवनमधल्या वृद्धांनी रॅडलॉफ यांच्या प्रश्नावलीला दिलेली उत्तरं अशी तपासली गेली. नैराश्याची पातळी सारखी असूनही रडण्याच्या विधानाला पुरुषांपेक्षा स्त्रियांचा होकार जास्त होता. लोक आपल्याशी नीट वागत नाहीत, लोकांना आपण आवडत नाही, या दोन विधानांना गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांचा. मला या साऱ्या कथेत हाच निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वंशभेद सोसलेला माणूस लोकांच्या वागण्याबद्दल बोलतो, तेव्हा तो कदाचित रोजचा अनुभव सांगत असतो. प्रश्नावली मात्र तो नैराश्याच्या खात्यात मांडते.

दुसरी रीत स्वीडनच्या कार्ल योरेस्कोग यांची, 1971 सालची. तिच्यात अनेक गटांची उत्तरं एकाच वेळी पारखता येतात. प्रश्नांची आतली बांधणी सगळ्या गटांत तीच आहे का? प्रत्येक प्रश्नाचं नैराश्याशी नातं तितकंच घट्ट आहे का? आणि नैराश्य सारखं असताना त्या प्रश्नावर सरासरी गुणही सारखेच पडतात का? या पायऱ्या ओलांडल्यावरच गटांच्या सरासरी शेजारी ठेवता येतात.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही तपासणी फार गरजेची. 2001 साली क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी पीएचक्यू-9 ही नैराश्याची 9 प्रश्नांची, 27 गुणांची प्रश्नावली दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांवर पारखली होती. झोप, थकवा, एकाग्रता हेही तिचे विषय. परीक्षेच्या दिवसांत ते कुठल्या विद्यार्थ्याला सुटले आहेत? 2018 साली कीउम, मिलर आणि इंकेलास यांनी अमेरिकी महाविद्यालयांतल्या आफ्रिकी, आशियाई, युरोपीय आणि लॅटिनो वंशाच्या मुलामुलींच्या उत्तरांवर ती तपासली. तिन्ही पायऱ्यांवर ती टिकली.

हा दाखला त्या गटांपुरता आहे. पीएचक्यू-9 मराठीतही उपलब्ध आहे. वसतिगृहात राहणाऱ्या आणि गावाहून रोज एसटीने येणाऱ्या मुलांचे गुण तिच्या आधारे तुलनेला घ्यायचे, तर हीच तपासणी त्यांच्या उत्तरांवर पुन्हा करावी लागते.