दोषी मन आणि दोषी जन्म: वऱ्हाडातील पारधी समाजाच्या इतिहासातून

यवतमाळ जिल्ह्यातील नेर परसोपंतच्या परिसरात आणि त्याला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वरच्या मुलखात पारधी समाजाचे बेडे, म्हणजे गावाबाहेरच्या वस्त्या, आजही आहेत. फासे लावून तितर, लावे आणि हरणे धरणारे ते फासेपारधी, आणि घरोघरी फिरून जात्याला टाकी लावून देणारे ते टाकणकार, अशी या लोकांची नावे त्यांच्या कसबावरून पडली. 1916 साली प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात या कसबांची नोंद आहे. पुढे मात्र कसबाची ओळख मागे पडून गुन्हेगारीचा शिक्का उरला, आणि त्या शिक्क्याला बळ दिले ते कायद्याने.

फौजदारी न्यायाचे मूळ तत्त्व याच्या अगदी उलट आहे. केवळ कृत्यावरून माणूस गुन्हेगार ठरत नाही, तर त्या कृत्यामागे दोषी मन, म्हणजे जाणीवपूर्वक केलेली निवड, असावी लागते. इंग्लंडमध्ये 1843 साली मॅकनॉटन खटल्यानंतर ठरलेल्या नियमांच्या धर्तीवर 1860 च्या भारतीय दंडसंहितेत कलम 84 आले. कृत्य करतेवेळी मनोविकृतीमुळे ज्याला आपल्या कृत्याचे स्वरूप किंवा त्यातील गैर कळत नव्हते, त्याचे कृत्य या कलमानुसार अपराध ठरत नाही. याच आधारावर 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका स्किझोफ्रेनियाग्रस्त आरोपीला खुनाच्या आरोपातून मुक्त केले.

दंडसंहितेनंतर अवघ्या 11 वर्षांनी, 1871 साली, त्याच राजवटीने गुन्हेगार जमाती कायदा केला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून घोषित केली की तिच्यातील माणसांची नोंद, हजेरी आणि परवान्याशिवाय फिरण्यास बंदी सुरू होई, आणि त्या घोषणेच्या वैधतेला न्यायालयात आव्हानही देता येत नसे. प्रारंभी उत्तर भारतापुरता असलेला हा अधिकार 1911 च्या कायद्याने इतर प्रांतांच्या सरकारांनाही मिळाला. कलम 84 प्रत्येक आरोपीच्या मनाचा शोध घेण्यास सांगत होते. हा कायदा मात्र मनाची चौकशीच न करता जन्माकडे बोट दाखवीत होता. 1876 साली इटलीत लोम्ब्रोझोने कवट्यांच्या मोजमापावरून ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना मांडली, तेव्हा भारतात तशाच समजुतीचा कायदा 5 वर्षे अमलात होता.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि आज फासेपारधी व टाकणकार महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. परंतु 1959 च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने पाळतीची वृत्ती टिकवून ठेवली, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे परंपरागत साधनही अवैध ठरले.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण मेंदूविज्ञान आहे. 1983 साली बेंजामिन लिबेट यांनी दाखवले की हालचाल करण्याचा निर्णय जाणिवेत येण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत विद्युत हालचाल सुरू झालेली असते. तेव्हापासून इच्छास्वातंत्र्याचा वाद नव्याने पेटला. कपाळामागील अग्रमेंदूला इजा झाल्यास गैर काय ते कळूनही स्वतःला आवरणे माणसाला कठीण जाऊ शकते, हेही वैद्यकाने नोंदले आहे. कलम 84 मात्र, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम 22 ही, कळण्याचाच विचार करते, आवरण्याचा नाही. ही उणीव भरून काढण्यास विज्ञानाचे साहाय्य अवश्य घ्यावे, पण ते एका आरोपीचे एका प्रसंगीचे मन समजून घेण्यापुरते. मेंदूचे आलेख पाहून माणसांचे गट धोकादायक ठरवणे म्हणजे 1871 चा कायदा नव्या यंत्राने लिहिणे होय. 2010 साली सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना मेंदूचाचणी करण्यास मनाई केली, ती याच मर्यादेची आठवण देते.

गुन्हा माणूस करतो, जमात करत नाही. नेरच्या बेड्यावर जन्मलेल्या मुलालाही हा न्याय तितकाच लागू असला पाहिजे.