गालिचा घेण्यापूर्वी खोलीचे अचूक माप घ्या

नवा गालिचा घ्यायचा ठरला, की दुकानात रंग, पोत आणि किंमत यांची चर्चा तासभर चालते. खोलीचे माप मात्र अंदाजाने सांगितले जाते. भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरायचा गालिचा रोलमधून कापून दिला जातो आणि एकदा कापलेला तुकडा दुकानदार सहसा परत घेत नाही. त्यामुळे चार इंचांची चूकही महागात पडू शकते.

करारातील आकडा कामाचा नाही

अनेकजण सदनिकेच्या करारातील ‘कार्पेट एरिया’ दुकानदाराला सांगतात. पण हे नाव फसवे आहे. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्यातील व्याख्येनुसार या क्षेत्रफळात घरातील आतल्या भिंतींनी व्यापलेली जागाही धरली जाते, तर बाल्कनी आणि खासगी गच्ची वगळली जाते. स्वयंपाकघर व न्हाणीघरही त्यातच येते. हा आकडा खरेदी-विक्रीच्या हिशेबासाठी आहे, गालिचा अंथरण्यासाठी नाही. त्यामुळे प्रत्येक खोली स्वतंत्रपणे मोजणे भाग आहे.

माप कसे घ्यावे?

कापडी टेप ताणली जाते. म्हणून पोलादी टेप वापरावी. भिंती क्वचितच सरळ असतात. लांबी आणि रुंदी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून सर्वांत मोठे माप धरावे. खोलीचे दोन्ही कर्ण मोजल्यास ती काटकोनात आहे की तिरकी, हेही कळते. कर्ण समान नसतील तर तिरकेपणासाठी जास्त कापड धरावे लागते. दाराशी माप चौकटीच्या मध्यापर्यंत घ्यावे. कोनाडे आणि खिडकीखालची आत गेलेली जागा विसरू नये. इंग्रजी ‘एल’ आकाराच्या खोलीचे दोन आयत करून मोजावेत. हलवता येणारे कपाट असेल तर त्याखालची जागाही धरावी.

आकडेमोडीत एक चूक हमखास होते. १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ नव्हे, तर १०.५ फूट. फुटात १२ इंच असतात, हे कॅल्क्युलेटरला ठाऊक नसते.

क्षेत्रफळ कमी, खरेदी जास्त

रोलची रुंदी ठरलेली असते. १२ फूट आणि ४ मीटर ही नेहमी आढळणारी मापे. समजा, खोली १० फूट बाय १४ फूट आहे. तिचे क्षेत्रफळ १४० चौरस फूट. दोन्ही टोकांना छाटणीसाठी तीन-तीन इंच सोडल्यास १२ फुटी रोलचा साडेचौदा फूट लांबीचा तुकडा लागेल, म्हणजे १७४ चौरस फूट. किंमत या आकड्यावर लागते.

याउलट खोली १२ फूट ४ इंच रुंद असल्यास १२ फुटी रोलला जोड द्यावा लागतो. ४ मीटरच्या, म्हणजे सुमारे १३ फूट १ इंचाच्या रोलमध्ये तीच खोली अखंड बसते. त्यामुळे आधी रोलची रुंदी विचारावी आणि मगच दराची तुलना करावी.

जोड, लव आणि दार

जोड टाळता येत नसेल तर तो दारात किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर येऊ देऊ नये. सर्व तुकड्यांची लव एकाच दिशेला असावी, अन्यथा एकच रंग दोन छटांचा दिसतो. नक्षीदार गालिच्यात नक्षी जुळवण्यासाठी अधिक कापड लागते. जिन्यासाठी पायरीची खोली आणि उंची यांची बेरीज करून तिला पायऱ्यांच्या संख्येने गुणावे. आत उघडणाऱ्या दाराखालची फटही मोजावी. गालिचा आणि त्याखालचा अंडरले यांची एकत्रित जाडी फटीपेक्षा जास्त असेल तर दार खालून तासावे लागेल.

सर्व मापे कागदावर आराखडा काढून लिहावीत आणि त्यावर दारे-खिडक्या दाखवाव्यात. कापण्यापूर्वी बसवणाऱ्या कारागिराकडून खोली पुन्हा मोजून घ्यावी. दोन्ही मापे जुळली तरच पैसे भरावेत. किती चौरस फूट आकारले, अंडरले व मजुरी त्यात धरली आहे का, हे पावतीवर लिहून घेतल्यास पुढचा वाद टळतो.