हिवाळ्यात उघडलेले यंत्र

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो. शोध कोणी लावला, आणि कारखाना कोणी काढला? तेच यंत्र पंधरा वर्षांनी बंद पडले, तेव्हा त्याच्यासमोर पाना घेऊन कोण बसले, हा तिसरा प्रश्न मागे राहतो. वास्तविक यंत्र कारखान्यात राहते थोडे दिवस आणि मालकाच्या घरी काही दशके. त्या दशकांची नोंद ठेवणारे दप्तर कुठे नसते. जी थोडीफार खूण सापडते ती तेलाचे डाग पडलेल्या माहितीपुस्तकांत आणि यंत्राच्या अंगावरच. गेली काही वर्षे मी अशी जुनी माहितीपुस्तके वाचत आलो आहे. त्यांतून उभी राहिलेली एका साध्या यंत्राची आणि त्याच्या दुरुस्तीची हकिकत येथे मांडतो.

हे यंत्र म्हणजे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातला गार्डन ट्रॅक्टर. शेतातल्या ट्रॅक्टरचा धाकटा भाऊ. सात ते सोळा अश्वशक्ती, एका माणसापुरती बैठक. तो उन्हाळ्यात गवत कापतो, परसातला भाजीचा तुकडा नांगरतो आणि पुढे लोखंडी पाते बसवले की दारातला बर्फही लोटतो.

परसातला घोडा

या यंत्राच्या जन्मातच घरगुती खटपट आहे. वेस्ट व्हर्जिनियातले बेंजामिन ग्रेव्हली हे पेशाने छायाचित्रकार. हाताने ढकलायच्या नांगराला त्यांनी इंडियन मोटरसायकलचे भाग जोडले आणि त्यातून निघालेल्या ‘मोटर-नांगरा’चे पेटंट १९१६ साली मिळवले. पुढे मंदीच्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नवा ट्रॅक्टर परवडत नव्हता किंवा मिळतच नव्हता. तेव्हा शेतकऱ्यांनी जुन्या फोर्ड मोटारी कापून घरीच ट्रॅक्टर बनवले. त्यांना गमतीने ‘डूडलबग’ म्हणत. म्हणजे घरी यंत्र उघडण्याची सवय या यंत्राच्या आधीपासूनची होती.

युद्ध संपल्यावर १९४६ साली इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड येथे सेसिल पाँड आणि त्यांचे वडील एल्मर यांनी छोटे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. त्यांच्या मालाचे पुढे प्रसिद्ध झालेले नाव ‘व्हील हॉर्स’. गाडीला जुंपलेल्या घोड्यांपैकी चाकांच्या सर्वांत जवळचा, जड ओझ्याचा भार घेणारा घोडा, असा त्या शब्दाचा अर्थ. मग मोठ्या कंपन्या उतरल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या केंटकीतल्या लुइव्हिल कारखान्यात १९४७ पासून ‘फार्मऑल कब’ हा छोटा शेती-ट्रॅक्टर बनत होता. त्याच कारखान्यातून १९६१ सालासाठीचे मॉडेल म्हणून पिवळा-पांढरा ‘कब कॅडेट’ बाजारात आला. त्याच्या गिअरबॉक्सची घडण मोठ्या भावाकडूनच घेतलेली होती. १९६३ साली जॉन डिअरने विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉन येथून आपला ‘११०’ काढला. रंग वेगळे, कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक. पण सुरुवातीला दोघांच्याही बॉनेटखाली कोहलर या एकाच कंपनीचे सात अश्वशक्तीचे इंजिन होते.

कोहलर हे नाव आपल्याकडे नळ आणि बेसिनवर दिसते. कंपनी तीच. विस्कॉन्सिनमधल्या या घराण्याची जुनी विद्या बिडाच्या ओतकामाची. बिडाच्या भांड्यावर इनॅमल चढवले की आंघोळीचा टब होतो, आणि बिडाच्या ठोकळ्यात भोक कोरले की सिलिंडर होतो.

या ट्रॅक्टरचे गिऱ्हाईक कोण, हेही सांगायला हवे. युद्धानंतर शहराबाहेर ज्यांना घर, परस आणि घराला लागून गॅरेज मिळाले, ते. सरकारी हमीच्या गृहकर्जाचे दार त्या काळी कृष्णवर्णीय कुटुंबांना जवळजवळ बंद होते. म्हणून गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या या संस्कृतीचे कौतुक करताना, ते गॅरेज सगळ्यांना मिळाले नव्हते याचा विसर पडू नये.

रिकामे महिने

विस्कॉन्सिन-इंडियानाचा जानेवारी म्हणजे गोठलेली जमीन. शेताला काम नाही, गवत बर्फाखाली. या रिकाम्या महिन्यांचा उपयोग शिकण्यासाठी करायचा, ही तिथली जुनी रीत. विस्कॉन्सिन विद्यापीठाने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी खास अल्पमुदतीचा वर्ग सुरू केला तो १८८५-८६ च्या हिवाळ्यात. मुले मोकळी असत ती याच दिवसांत. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने माध्यमिक शाळांतल्या शेती आणि हस्तव्यवसायाच्या शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळाला. वेल्डिंग, लोहारकाम, इंजिनदुरुस्ती या गोष्टी लाखो मुलांनी शाळेतच हाताळल्या. साठच्या दशकात कब कॅडेट विकत घेणारा माणूस कारकून असो की शिक्षक, त्याच्या हाताला पान्याची ओळख असण्याची शक्यता मोठी होती.

हिवाळ्याचे वेळापत्रकही ठरलेले. ज्या ट्रॅक्टरने बर्फ लोटायचा तो पहिल्या हिमवर्षावाआधी सज्ज हवा; म्हणून त्याचे काम शरद ऋतूत. फक्त गवत कापणारा ट्रॅक्टर मात्र नोव्हेंबरात आत येई आणि एप्रिलपर्यंत गॅरेजमध्ये खोलून ठेवला तरी कोणाची हरकत नसे. सलग चार-पाच महिने एखादे यंत्र सुटे करून ठेवता येणे ही दुरुस्ती शिकणाऱ्यासाठी मोठी चैन असते. एखादा भाग टपालाने यायला तीन आठवडे लागले, तरी बिघडत नाही.

उघडण्यासाठी घडवलेले

कोहलरच्या ‘के’ मालिकेतल्या इंजिनांची नावे वाचता येतात. के-१८१ मधले पहिले दोन आकडे म्हणजे साधारण अठरा घन इंच, आपल्या हिशेबात सुमारे ३०५ सीसी. शेवटचा एक म्हणजे एक सिलिंडर. हे ‘साइड व्हॉल्व्ह’ जातीचे इंजिन. व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी, ठोकळ्यातच बसवलेले. त्यामुळे हेड म्हणजे केवळ झाकण. बोल्ट सोडवले, झाकण उचलले, की पिस्टनचा माथा आणि दोन्ही व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर. काही जुळवणी बिघडेल ही भीती नाही.

हिवाळ्यातली कामे इथूनच सुरू होतात. पिस्टनवर आणि हेडमध्ये साचलेला कार्बन लाकडी पट्टीने हलकेच खरवडायचा. व्हॉल्व्ह काढून, बैठकीवर पेस्ट लावून, हाताने फिरवत घासायचे. दोन्हींवर अखंड करडी कडी उमटली की वायू गळणार नाही. मग नवे पॅकिंग घालून हेडचे बोल्ट क्रमाने, थोडे थोडे आवळायचे. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर हेड वाकडे बसते.

दुसरे काम पॉइंटचे. आपल्याकडे जुन्या स्कूटर चालवलेल्यांना ‘पॉइंट साफ करणे’ म्हणजे काय ते सांगायला नको. त्या काळच्या अनेक लहान इंजिनांत हे पॉइंट फ्लायव्हीलखाली दडलेले असत, आणि तिथे पोचायचे तर फ्लायव्हील ओढून काढावे लागे. कोहलरने ते इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, एका छोट्या झाकणाखाली ठेवले. स्क्रू सोडवा, फीलर गेजची पट्टी सरकवा, फट वीस सहस्रांश इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ठेवा. काम पंधरा मिनिटांचे. ही जागा निवडणाऱ्या अभियंत्याच्या डोळ्यांपुढे इंजिन उघडणारा माणूस होता, एवढे त्या झाकणावरून कळते.

तिसरे काम वंगणाचे. या एकसिलिंडरी इंजिनांत तेलाचा पंप नाही आणि गाळणीही नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक पळी असते. ती दर फेऱ्याला तेलात बुडते आणि सगळीकडे शिंतोडे उडवते. तेल कमी पडले किंवा ट्रॅक्टर तीव्र उतारावर फार वेळ चालला, की पळी कोरडी फिरते आणि रॉड तुटतो. म्हणून तेल पाहणे हे या यंत्राच्या मालकाचे नित्यकर्म. गरम इंजिनातले तेल काढावे, कारण गाळ त्याबरोबर वाहून जातो. उन्हाळ्यात जाड आणि कडक थंडीत पातळ तेल घालावे. आणि इंजिन चालू करताना दार उघडे ठेवावे. बंद गॅरेजात साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हल्ली आणखी एक काम वाढले आहे. पेट्रोलमधले इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे हिवाळ्यापूर्वी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करणे किंवा इंधनात टिकाऊपणाचे रसायन घालणे आवश्यक झाले.

सिलिंडर फारच झिजला तर गावातल्या मशीनशॉपमध्ये ठोकळा न्यायचा. बोअर दहा, वीस आणि तीस सहस्रांश इंचांनी वाढवता येई आणि त्या-त्या मापाचे मोठे पिस्टन कंपनी स्वतः विकत असे. म्हणजे पहिल्या आयुष्यानंतरची आणखी तीन आयुष्ये कारखान्याने आधीच हिशेबात धरली होती.

पुस्तक आणि मालकी

या सगळ्याला जोड होती कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलची. कोणता बोल्ट किती जोराने आवळावा, कोणत्या भागाची झीज किती चालेल, आकृतीतला कोणता तुकडा कोणत्या क्रमांकाने मागवावा, सारे त्यात छापलेले. ही पुस्तके मुख्यतः विक्रेत्यांच्या कारागिरांसाठी होती, तरी ती विकत मिळत. कंपन्या मात्र टिकल्या नाहीत. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९८१ साली कब कॅडेट विकला आणि १९८५ मध्ये तिचा शेती-विभागच दुसऱ्या कंपनीत विलीन झाला. १९८६ साली व्हील हॉर्स टोरो कंपनीकडे गेली. तरी ट्रॅक्टर चालत राहिले. तेच इंजिन अनेक कंपन्यांच्या ट्रॅक्टरांत बसवलेले असल्यामुळे सुट्या भागांना मागणी उरली, आणि ज्ञान छापलेले असल्यामुळे ते कंपनीबरोबर बुडाले नाही.

इथे महाराष्ट्राचा धागा येतो. १९६३ साली, म्हणजे जॉन डिअरचा ‘११०’ निघाला त्याच वर्षी, महिंद्र, व्होल्टास आणि हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली. कांदिवलीच्या कारखान्यातून निघालेला बी-२७५ पुढे आपल्याकडच्या कित्येक गावांचा पहिला ट्रॅक्टर ठरला. तो मोठा, शेतीचा ट्रॅक्टर; कब कॅडेटशी त्याचे नाते फक्त घराण्याचे. पण दुरुस्तीची आपली परंपरा निराळी होती. नांगर, कुळव, तिफण नीट करायची ती गावच्या सुताराने आणि लोहाराने, आणि त्याबदल्यात त्यांना खळ्यावर बलुते मिळे. कुणब्याने स्वतः ऐरणीवर बसणे रूढीला मान्य नव्हते. त्यामुळे ट्रॅक्टर आला तेव्हा पाना मालकाच्या हाती न जाता तालुक्याच्या मिस्त्रीच्या हाती गेला. तिकडे दुरुस्तीचे ज्ञान घराघरांत विखुरले, इकडे ते पेशाने सांभाळले. दोन्ही रीतींना चालण्यासाठी एकच अट होती: यंत्र बाहेरच्या माणसाला उघडता आले पाहिजे.

कुलूप

ती अट आता मोडत चालली आहे. बदल सगळा वाईट हेतूने झाला असे म्हणता येणार नाही. साइड व्हॉल्व्ह इंजिने इंधन जास्त खात आणि धूर जास्त सोडत. लहान इंजिनांच्या धुराला अमेरिकेने १९९७ च्या मॉडेलांपासून देशभर मर्यादा घातली, आणि नवी इंजिने त्या बाबतीत निःसंशय चांगली आहेत. पण त्याच काळात दुसरेही काही घडले. स्वस्त ट्रॅक्टरांपैकी काहींच्या गिअरबॉक्सला तेल काढायचे बूचच राहिले नाही. झिजला की फेकायचा. मोठ्या शेती-ट्रॅक्टरांत संगणक आले, आणि १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने सॉफ्टवेअरचे कुलूप तोडणे बेकायदा ठरवले. २०१५ साली काँग्रेसच्या ग्रंथालयाने ट्रॅक्टरसह जमिनीवरच्या वाहनांच्या दुरुस्तीला त्यातून सूट दिली. ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची परवानगी ग्रंथालयाकडून घ्यावी लागते, कारण कॉपीराइटचे कार्यालय तिथे आहे!

लढा पुढे चालू राहिला. २०२३ साली कोलोरॅडोने शेतकऱ्यांना दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. उत्पादकांनी माहितीपुस्तके, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर मालकाला आणि स्वतंत्र कारागिराला द्यावे, असे तो सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दुरुस्तीवरच्या निर्बंधांबद्दल जॉन डिअरवर दावा दाखल केला. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिच्या यादीत मोबाइल व मोटारींबरोबर शेतीची अवजारे आहेत.

या वादात कोलोरॅडोच्या कायद्याने जे मागितले, ते के-१८१ च्या मालकाला न मागता मिळत होते: पुस्तक, पिस्टन आणि बाहेरच्या अंगाला ठेवलेले ते छोटे झाकण. तालुक्याच्या ठिकाणी ज्या मिस्त्रीने बी-२७५ कानाने ओळखून दुरुस्त केला, त्याच्या मुलासमोर आज नवा ट्रॅक्टर येतो आणि पडद्यावर चुकीचा क्रमांक दाखवतो. त्या क्रमांकाचा अर्थ ज्या पुस्तकात आहे, ते त्याला विकत मिळाले पाहिजे. पान्याची विद्या त्याच्याकडे आहेच.