शार्लमेनचा कालवा आणि दोन शकावल्या

जुन्या शकावल्या व बखरी हाताळणाऱ्या संशोधकांमध्यें एक नियम रूढ आहे: समकालीन नोंद श्रेष्ठ, मागाहूनची कनिष्ठ. आम्हीही हा नियम अनेक वर्षें निःशंकपणें मानीत आलों. परंतु जर्मनींतील एका प्राचीन कालव्याची हकीकत पाहतां या नियमास मर्यादा घालणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटूं लागलें. ती हकीकत येथें देत आहों.

बव्हेरिया प्रांतांत ट्रॉयश्टलिंगेन गांवाजवळ युरोपखंडाचा मुख्य पाणलोट आहे. त्याच्या एका बाजूस वाहणारी आल्टम्यूल नदी डॅन्यूबला मिळते व तिचें पाणी काळ्या समुद्रांत जातें. दुसऱ्या बाजूच्या रेत्सात नदीचें पाणी रेडनित्झ, माइन व ऱ्हाईन या नद्यांवाटे उत्तर समुद्रास पोंचतें. येथें दोन्ही नद्या एकमेकींच्या अगदीं निकट येतात. इ. स. ७९३ (शके ७१५) मध्यें, म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूटांचें राज्य चालू असतां, फ्रँकांचा राजा शार्लमेन यानें या दोन नद्या जोडणारा कालवा खणविण्यास घेतला. आवार लोकांशीं युद्ध चालू असल्यामुळें त्याचा तळ तेव्हां डॅन्यूबकांठीं रेगेन्सबुर्ग येथें होता.

या प्रकरणाचीं मुख्य साधनें दोन. पहिलें राजदरबाराच्या छायेंत लिहिलेली शकावली. तींत इतकेंच आहे कीं, शरद ऋतूंत राजा रेगेन्सबुर्गहून नावेनें निघून आल्टम्यूल व रेडनित्झ यांमधील मोठ्या चरापाशीं आला. तेथें पोपचे वकील नजराणे घेऊन भेटले, सॅक्सनांनीं पुनः वचन मोडल्याची बातमी आली, आणि तेथून रेडनित्झ व माइन नद्यांतून जलमार्गें जाऊन त्यानें वुर्त्सबुर्ग येथें नाताळ साजरा केला. वाचणाऱ्यास सहजच वाटावें कीं, काम तडीस गेलें.

दुसरें साधन याच शकावलीची सुधारलेली प्रत. ती बहुतेक विद्वानांच्या मतें राजाच्या मृत्यूनंतर (इ. स. ८१४) तयार झाली. ती शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ट याची म्हणून पूर्वीं प्रसिद्ध होती. तें मत आतां कोणी स्वीकारीत नाहीं. तींतील वृत्तान्त निराळा आहे. आपण जाणकार आहों असें सांगणाऱ्यांनीं राजाचें मन वळविलें. पुष्कळ माणसें जमवून सबंध शरद ऋतु खर्ची घातला. दोन हजार पावलें लांब व तीनशें फूट रुंद चर खणला. परंतु संततधार पाऊस व दलदलीची भूमि यांमुळें दिवसा काढलेली माती रात्रीं पुनः आंत सरके, म्हणून श्रम व्यर्थ गेले.

आमच्या नियमाप्रमाणें पहिली प्रत प्रमाण व दुसरी पाल्हाळ ठरली असती. परंतु येथें तिसरा साक्षी बोलला, तो म्हणजे खुद्द भूमि. चराजवळच्या खेड्याचें नांव ग्राबेन, म्हणजे चर, असेंच आहे. आणि बांधांचा कांहीं भाग व मधलें पाणी आजही तेथें दिसतें. इ. स. २०१३ च्या उत्खननांत ओक वृक्षाचीं लांकडें सांपडलीं. त्यांतील वर्षवलयें मोजतां तीं इ. स. ७९३ मध्येंच तोडलेलीं ठरलीं. सन दोन्ही प्रतींचा खरा. मोजणींत चराची लांबी किमान २,३०० मीटर भरली. रोमन दोन हजार पावलें सुमारें तीन किलोमीटर होतात, म्हणजे दुसऱ्या प्रतीचा आंकडा कल्पित नव्हे. नावांच्या वाटेची रुंदी मात्र पांच-सहा मीटरच निघाली. तीनशें फूट हें माप दोन्ही कांठांवरील मातीच्या ढिगांसह असावें, असें आमचें अनुमान आहे. नावा प्रत्यक्ष पार गेल्या कीं नाहीं याविषयीं विद्वानांत वाद आहे. परंतु पहिल्या प्रतींत राजा चरांतून पार झाला असें कोठेंच म्हटलेलें नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

तात्पर्य, समकालीन लेखकास घटना जवळून दिसते, पण धनी जिवंत असतां त्याचें अपयश लिहिणें त्यास कठीण पडतें. मागाहून लिहिणाऱ्यास ती अडचण नसते. म्हणून प्रत केव्हांची हें पाहतांना ती कोणाच्या दृष्टीखालीं लिहिली गेली, हेंही पाहिलें पाहिजे. आणि एखाद्या ग्रंथावरील थोर कर्त्याचें नांव गळलें म्हणून त्यांतील मजकूर टाकाऊ ठरत नाहीं.

राजाचा संकल्प मात्र लोपला नाहीं. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग यानें बामबेर्ग ते केलहाइम कालवा खणविला. तो इ. स. १८४६ मध्यें पूर्ण झाला, रेल्वेच्या स्पर्धेंत मागें पडला व १९५० मध्यें बंद झाला. पुढें १९९२ मध्यें १७१ किलोमीटरांचा नवा कालवा खुला होऊन मालवाहू जहाजें पाणलोट ओलांडूं लागलीं.

आमच्या संग्राहक बंधूंस विनंती एवढीच कीं, मागाहूनच्या व निनांवी म्हणून ज्या प्रती दप्तरांच्या तळाशीं पडल्या आहेत, त्या रद्दींत घालण्यापूर्वीं एकवार वाचाव्या. इत्यलम्.