टाउनलीच्या ग्रंथशाळेचें चित्र : एक प्रक्षिप्त पुतळा

जुनें चित्र हें इतिहासाचें साधन आहे, याविषयीं आतां कोणी शंका घेत नाहीं. परंतु साधन म्हणजे लगेच पुरावा नव्हे. पोथी हातीं आली कीं आपण तिची पुष्पिका, शक, अक्षरवळण व कागद पाहतों. दुसरी प्रत मिळाल्यास पाठ ताडून पाहतों. मगच तिच्यावर विसंबतों. चित्रासमोर मात्र ही सावधगिरी सुटते. डोळ्यांना दिसलें तें तसेंच होतें, असें मन धरून चालतें. हें कितपत खरें, हें ठरविण्यासाठीं एका प्रसिद्ध चित्राची तपासणी येथें करण्याचें योजिलें आहे.

हें चित्र योहान झोफनी या जर्मन जन्माच्या चित्रकारानें इ. स. १७८१ ते १७८३ या काळांत लंडन येथें काढिलें. त्यानंतर लगेच तो हिंदुस्थानांत आला व लखनौ-कलकत्त्यास सुमारें सहा वर्षें राहिला. चित्र सांप्रत लँकेशायर परगण्यांतील बर्नले येथें टाउनली घराण्याच्या जुन्या वाड्यांत आहे. त्या वाड्याचें आतां संग्रहालय झालें आहे. चित्राचा विषय, चार्ल्स टाउनली (१७३७-१८०५) याच्या पार्क स्ट्रीटवरील घरांतील ग्रंथशाळा. टाउनली हा रोमन कॅथलिक पंथाचा असल्यामुळें तत्कालीन कायद्यानें त्यास सरकारी अधिकाराचीं दारें बंद होतीं. त्यानें आपलें द्रव्य व आयुष्य इटलींतून प्राचीन संगमरवरी शिल्पें जमविण्यांत वेंचिलें.

चित्रांत उजवीकडे टाउनली खुर्चीवर बसला आहे. पायांशीं कुत्रा आहे. त्याच्या समोर दांकारव्हिल हा फ्रेंच पंडित ग्रंथ उघडून बसला आहे. जवळच चार्ल्स ग्रेव्हिल व थॉमस ॲस्टल हे दोघे उभे आहेत. यांपैकीं ॲस्टल आमच्या वाचकांस जवळचा वाटेल. तो लंडनच्या टॉवरमधील दप्तराचा रक्षक व हस्तलिखितांचा मोठा संग्राहक असून १७८४ त त्यानें लिपीच्या उगमाविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला. मेजावर ‘क्लायटी’ या नांवानें ओळखिला जाणारा स्त्रीचा अर्धपुतळा आहे. १७८० सालच्या कॅथलिकविरोधी दंग्यांत घर सोडतांना टाउनलीनें सर्व टाकून हा एकच पुतळा बरोबर नेला, अशी आख्यायिका आहे. सभोंवार व्हीनसची उंच मूर्ति, कोरीव कलश, भांडणारीं मुलें, अशी शिल्पांची एवढी दाटी आहे कीं चालावयास वाट उरूं नये.

पहिली शंका येथेंच येते. एवढे जड दगड ग्रंथशाळेंत मावले कसे? सुदैवानें दुसरी प्रत उपलब्ध आहे. १७९४ च्या सुमारास विल्यम चेंबर्स यानें याच घराचीं जलरंगांतील चित्रें काढिलीं. त्यांत हे मोठे पुतळे भोजनगृहांत व प्रवेशाच्या दालनांत मांडलेले दिसतात. म्हणजे झोफनीनें घरभर विखुरलेलीं शिल्पें कुंचल्यानें एका खोलींत आणून बसविलीं. यास लबाडी म्हणण्याचें कारण नाहीं. निरनिराळ्या काव्यांतील श्लोक वेंचून सुभाषितसंग्रह रचावा तसें हें आहे. मात्र सुभाषितसंग्रहावरून कोणी मूळ काव्याचा श्लोकानुक्रम ठरवीत नाहीं. या चित्रावरूनही त्या खोलीची मांडणी ठरवितां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. चित्राच्या अग्रभागीं डावीकडे थाळी फेंकणाऱ्या मल्लाचा पुतळा आहे. मायरन या ग्रीक शिल्पकाराच्या नष्ट झालेल्या ब्राँझ मूर्तीची ही रोमन काळांतील संगमरवरी प्रतिकृति. हा पुतळा रोमजवळील हेड्रियन बादशहाच्या प्रासादाच्या अवशेषांत १७९० च्या सुमारास सांपडला. मग १७८३ त पुऱ्या झालेल्या चित्रांत तो आला कोठून? उत्तर असें कीं, १७९८ त झोफनीनेंच तो मागाहून रंगविला. ग्रंथाच्या अखेरीस शक एक आणि आंत त्यानंतरच्या राजाचें नांव, अशी पोथी ज्यांनीं हाताळिली आहे त्यांना हें नवल वाटणार नाहीं. येथें मूळ कर्ताच प्रक्षेपक झाला आहे, एवढाच विशेष.

या प्रक्षेपांतही आणखी एक प्रक्षेप आहे. पुतळ्याचें डोकें मूळचें नव्हे. दुरुस्ती करणारानें दुसरें डोकें अधोमुख बसविलें. रोममध्यें १७८१ त सांपडलेल्या अधिक अखंड प्रतिकृतींत मल्ल मागें वळून थाळीकडे पाहतो. फाटलेलें पान लेखकानें स्वतःच्या पदरचें घालून पुरें करावें, तसाच हा प्रकार. आणि चित्रकारानें तें पान खरें समजून नकलून घेतलें.

तिसरी गोष्ट चित्रांत नाहीं. तीच आम्हांस सर्वांत लागते. १७८४ च्या सुमारास मुंबईजवळील घारापुरीहून म्हणून एका आरमारी कप्तानानें नेलेला मिथुनशिल्पाचा तुकडा टाउनलीच्या संग्रहांत आला. पेन नाइट यानें १७८६ च्या आपल्या ग्रंथांत त्याची चर्चा केली. मल्लासाठीं पंधरा वर्षांनीं चित्र पुन्हां उघडलें गेलें. या तुकड्यासाठीं उघडलें गेलें नाहीं. तेव्हां संग्रहांत काय होतें हें चित्र सांगत नाहीं. संग्राहकास काय मिरवावेंसें वाटलें, एवढेंच तें सांगतें.

टाउनलीच्या मृत्यूनंतर १८०५ त ब्रिटिश म्यूझियमनें त्याचीं शिल्पें वीस हजार पौंडांस विकत घेतलीं; तो तुकडाही त्यांबरोबर गेला. तो कोणत्या भिंतीचा, त्याच्या डाव्या-उजव्या अंगास काय कोरलें होतें, हें तुकडा स्वतः सांगूं शकत नाहीं. आपल्या घरोघरच्या रुमालांतून निघणाऱ्या सुट्या पानांची अवस्था याहून वेगळी नाहीं. यासाठीं संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, वस्तु हातीं येतांच ती कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं, कशांत गुंडाळलेली मिळाली, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. दालन शोभिवंत मांडलें नाहीं तरी चालेल. ही चिठी मात्र राहिली पाहिजे. इतकें सुचवून हा लेख पुरा करितों.