शेराला एक आणा: उरण-पेणचे मीठ आणि तात्पुरता कर

१९२३ च्या मार्चमध्ये मिठावरचा कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर गेला. मध्यवर्ती कायदेमंडळाने वाढ नाकारली, तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात ती लागू केली. मण चाळीस शेरांचा आणि अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, म्हणजे शेरामागे चोख एक आणा नुसत्या कराचा. वर्षभरात, १९२४ मध्ये, दर पुन्हा सव्वा रुपयावर आला. आजच्या रायगडच्या किनाऱ्यावर, उरण, पेण, पनवेलच्या मिठागरांत, अशा अल्पजीवी कराचा भार नेमका कोणावर पडत होता हे पाहण्यासारखे आहे. कारण कर किती यापेक्षा तो कधी बदलतो आणि त्या दिवशी माल कोणाच्या ताब्यात असतो, यावर धंद्याचे बरेवाईट ठरते.

मीठ खात्याच्या पहाऱ्यातून माल बाहेर पडताना कर भरायचा, अशी रीत होती. आगरातल्या राशीवर कर चढलेला नसे. व्यापाऱ्याने उचलून गोदामात नेलेल्या मिठावर मात्र तो पुरता चढलेला असे. त्यामुळे दर वाढणार अशी कुणकुण लागली की आधी माल उचलायचा आणि उतरणार असे वाटले की तो आगरातच राहू द्यायचा, यात व्यापाऱ्याचे हित होते. याला सट्टेबाजी म्हणणारे म्हणतील. पण माल निघतो त्या दिवसाचा दर भरणे हाच कायदा होता, आणि चढ्या कराचे मीठ गोदामात भरून ठेवणारा दर उतरताच शेरामागे अर्धा आणा गमावून बसला असता. हात आखडता घेणे हीच त्याची शहाणी चाल होती.

ती चाल आगरवाल्याला खेळता येत नव्हती. खाडीचे पाणी वाफ्यांत घेऊन मीठ पिकते ते थंडी सरता सरता, आणि जूनमध्ये पाऊस आला की काम संपते. अंदाजपत्रक येई फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर, ऐन हंगामात. व्यापारी थांबला की रास बांधावरच पडून राही. ती गवताने शाकारली तरी पावसाळ्यात घट ठरलेलीच. कर भरणारा व्यापारी आणि घट सोसणारा आगरी, अशी ही वाटणी होती.

मीठ तर घ्यावेच लागते, कर शेवटी गिऱ्हाइकावरच जातो, असा दुसरा आक्षेप निघेल. तो बराचसा खरा आहे, पण सुट्या विक्रीत अडतो. १९३१ मध्ये कराच्या पाव पट अधिभार बसला, मणाला पाच आणे. ते शेराला दीड पै होतात. पावशेर मिठावर अर्ध्या पैपेक्षाही कमी. एवढे नाणेच नव्हते. दुकानदाराने भाव पुरा पैने वाढवावा, माप कमी भरावे किंवा तोटा पोटात घालावा, एवढेच मार्ग होते.

हा अधिभारही संकटापुरता म्हणूनच आला होता. तो टिकला १९४७ मध्ये मीठकर उठेपर्यंत. सरकारी शब्दावरून दोन्ही वाढी सारख्याच दिसतात. फरक तिजोरीत होता. १९२३-२४ मध्ये सलग तुटीनंतर शिल्लक उरली, म्हणून वाढ मागे घेता आली. १९३१ ची तूट जागतिक मंदीची होती. व्यापाऱ्याने मुदतीवर नव्हे, तुटीवर नजर ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

आज मिठावर जीएसटी नाही. पण २२ सप्टेंबर २०२५ रोजी साबण, टूथपेस्ट, बिस्किटांसारख्या कितीतरी मालाचे दर उतरले, तेव्हा हीच वाटणी पुन्हा उमटली. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला खरेदीवरच्या कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराला ती नाही. जुन्या दराने भरलेला माल नव्या भावाने विकायचा, तर फरक त्याच्याच खिशातून जातो. म्हणून दरबदलाची चर्चा सुरू झाली की त्याने खरेदी आठवड्याच्या विक्रीपुरतीच ठेवावी, आणि घाऊक व्यापाऱ्याशी न खपलेला माल परत घेण्याची बोली आधीच करून घ्यावी.