टिळकांचे पाळकपण

शाळेच्या पुस्तकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी घरांत पोचवले, पण नावाआधीच्या ‘रेव्हरंड’ या बिरुदाचा अर्थ कोणी सांगितला नाही. त्यांच्या धर्मांतराची चर्चा निघालीच तर ती १० फेब्रुवारी १८९५ या एका तारखेभोवती फिरते. त्या दिवशी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढचे सारे त्याचे परिणाम, असे मानले जाते. ही मांडणी मला अपुरी वाटते. टिळकांचा खरा प्रवास १८९५ पासून १९१७ पर्यंत चालला. ख्रिस्त खरा की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुरता आरंभीच सुटला होता. ख्रिस्ताची सेवा महाराष्ट्रात कोणाच्या अधिकाराने, कोणाच्या पैशावर आणि कोणत्या वाणीत व्हावी, हा प्रश्न मात्र त्यांनी आयुष्यभर वागवला. एक पाळक म्हणून त्यांचे मोठेपण या प्रश्नातच आहे.

त्याची मुळे बाप्तिस्म्याच्याही आधीची आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेल्या या मुलाने नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकून घेतले. पुढे नागपुरात असताना देशाच्या दुरवस्थेचा विचार करता करता ते धर्माच्या विचाराकडे वळले. जातिभेद मोडल्याशिवाय देश उभा राहणार नाही आणि त्यासाठी धर्मच नवा हवा, अशी त्यांची खात्री होत चालली होती. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांची पकड घेतली, ती कायमची. दोन वर्षांनी निर्णय झाला तेव्हा बाप्तिस्मा भारतीय पाळकाकडूनच घ्यायचा, असा आग्रह त्यांनी धरला आणि रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून तो घेतला. पत्नी, आप्त, समाज सारे दुरावत असताना माणूस आधार देणाऱ्या गोऱ्या साहेबाकडे झुकला असता तर ते समजण्यासारखे होते. टिळक झुकले नाहीत. पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर.

यावर एक आक्षेप येतो तो असा की टिळकांचा उदारपणा बाप्तिस्म्यानंतर ते राहिले त्या अहमदनगरात त्यांना आयता मिळाला. यात तथ्य आहे. तिथे १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये डॉ. रॉबर्ट ह्यूम होते. त्यांचा जन्मच मुंबईचा. ख्रिस्ताचे नाव न ऐकता मेलेल्या माणसाला मृत्यूनंतर तरी संधी मिळत असेल का, या प्रश्नावर त्यांनी उदार मत बोलून दाखवले आणि १८८६ मध्ये रजेवर मायदेशी गेले असता त्यांना परत पाठवणे तिथल्या मिशन मंडळाने काही काळ रोखून धरले. अशा माणसाच्या सहवासात टिळकांना मोकळी हवा लाभली, हे खरेच. पण ह्यूम यांच्यापुढचा वाद परलोकातल्या न्यायाचा होता, तर टिळकांना इहलोकातली मंडळी, म्हणजे चर्च, कोणाची हे ठरवायचे होते. हा प्रश्न अमेरिकेतून येणे शक्यच नव्हते. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी विभाग त्यांच्याकडे आला. या सगळ्या काळात ते उपासनेची वाणी बदलत होते. इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांच्या जागी अभंग, ओवी, पद असे ते लिहीत गेले. आपण तुकोबांच्या अभंगांवरूनच ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते उघड सांगत. कीर्तनाचा पायंडा मात्र त्यांचा नव्हे, तो कृष्णराव सांगळे यांनी अहमदनगरात त्यांच्याआधीच पाडला होता. टिळकांची थोरवी सांगताना सांगळे यांचे नाव गळते, ते गळू नये.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. एका दीक्षित पाळकाने असे म्हणावे, ही आजही धाडसाची गोष्ट आहे. पैशासाठी बाटला, असे १८९५ मध्ये म्हणणाऱ्यांना हे परस्पर उत्तर होते. दरबार फसला, असेही म्हणतात. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार पुढे टिकला नाही, हे कबूल. पण त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, तोही आश्रमाच्या वळणाचा. टिळकांची भजने तर मराठी मंडळ्यांतून अजून गायली जातात. संस्था मोडली म्हणून विचार चुकला, हा निष्कर्ष मला पटत नाही.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे. नगर भागातली मंडळी बहुतांशी महार आणि मांग समाजांतून उभी राहिली, मग तिचा चेहरा म्हणून एका चित्पावन कवीचेच नाव का पुढे यावे? संन्यास, शास्त्र, संस्कृत या वाटेने ब्राह्मणी वजनच पुन्हा मंडळीत शिरले नाही का? यातला अर्धा आक्षेप टिळकांना लागत नाही. त्यांनी अभंग आणि ओवी निवडली, आणि ही वाणी चोखोबा-जनाबाईंची आहे, ती कोणा एका जातीची मिरास नव्हे. जात सोडणे किती अवघड होते हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लपवलेले नाही. शिवाशिव त्यांच्या मनातून हळूहळू, झगडत गेली. उरलेला अर्धा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याचा दोष टिळकांपेक्षा इतिहास लिहिणाऱ्यांकडे जातो. गावोगाव पायी फिरून सुवार्ता सांगणाऱ्या, स्वतःच्या जातबांधवांचा आणि गावाचाही रोष पत्करणाऱ्या माणसांची चरित्रे आम्ही लिहिलीच नाहीत. टिळकांवर लिहिणाऱ्या पुढच्या अभ्यासकाने ‘ज्ञानोदया’चे जुने अंक आणि मंडळ्यांची दप्तरे उघडून आधी ही नावे काढावीत.